पुण्याजवळचा कुंभार आणि कावसजीचं नाक

नदीकाठ (धागाकर्ती)

सुश्रुताचं नाव आपल्याकडे शाळकरी मुलालाही ठाऊक असतं. प्रश्नमंजुषेत "प्लास्टिक सर्जरीचा जनक कोण?" हा प्रश्न हमखास येतो, उत्तर येतं, गुण मिळतो आणि पुढचा प्रश्न सुरू होतो. मला त्या उत्तराच्या पुढचा माणूस सांगायचा आहे. ज्या शस्त्रक्रियेच्या हकिकतीमुळे कापलेलं नाक नव्यानं बसवायची विद्या इंग्लंडातल्या डॉक्टरांनी मनावर घेतली, ती पुण्याच्या जवळ झाली होती. ती करणारा ना वैद्य होता, ना पंडित. तो विटा पाडणाऱ्या जातीतला होता.

काळ तिसऱ्या इंग्रज-म्हैसूर युद्धाचा, १७९० ते १७९२. एकीकडे टिपू, दुसरीकडे इंग्रज, निजाम आणि पेशवे. आपल्याकडून हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन या मोहिमेत होते. त्या काळची फौज बैलांच्या जिवावर चालायची. तोफा बैलांनी ओढायच्या, दाणागोटा बैलांच्या पाठीवरून जायचा. बैल हाकणारा माणूस लढत नसला तरी त्याला धरलं की पलटण उपाशी राहायची. इंग्रजांच्या फौजेत कावसजी नावाचा असाच एक बैल हाकणारा होता. तो टिपूच्या कैदेत सापडला आणि तिथे त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. तशा अवस्थेत तो श्रीरंगपट्टणजवळ मुंबईच्या फौजेला येऊन मिळाला. पुढे कंपनी सरकारनं त्याला पेन्शन दिली. साधारण वर्षभर तो बिननाकाचा राहिला आणि मग पुण्याजवळच्या त्या माणसाकडून त्यानं नवं नाक घालून घेतलं.

ही हकिकत लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझीन'च्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात एका पत्रात छापून आली. खाली सही फक्त 'बी. एल.' एवढीच. मुंबई इलाख्यातल्या दोन डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया डोळ्यांनी पाहिल्याचं त्यात म्हटलंय आणि कृतीही अगदी बारकाईनं दिली आहे, ती अशी:

आधी मेणाची पातळ पट्टी घेऊन ती कापलेल्या नाकाच्या खुंटावर बसवायची आणि तिला चांगल्या नाकाचा आकार द्यायचा. मग ती सपाट करून कपाळावर ठेवायची आणि कडेनं रेघ मारायची. त्या रेघेवरून कपाळाची कातडी सोडवायची, पण पूर्ण नाही. दोन डोळ्यांच्या मध्ये एक अरुंद पट्टी जोडलेलीच ठेवायची, म्हणजे रक्त चालू राहतं. नाकाच्या खुंटावरची जुनी खपली-व्रण खरवडून तिथे ओली कड तयार करायची, नाकपुड्यांच्या बाजूनं वरच्या ओठापर्यंत चीर घ्यायची, आणि कपाळाची कातडी अर्धा वळसा देऊन खाली आणून तिची कड त्या चिरेत बसवायची. वर काय लावायचं? कात. आपला विड्यातला कात! पाण्यात मऊ करून कापडाच्या पट्ट्यांना फासायचा आणि अशा पाच-सहा पट्ट्या एकावर एक. चार दिवस हात लावायचा नाही. नंतर तुपात भिजवलेली कापडं. दहाव्या दिवशी नाकपुड्या बुजू नयेत म्हणून मऊ कापडाच्या गुंडाळ्या आत सरकवायच्या. विसाव्या ते पंचविसाव्या दिवशी डोळ्यांमधली ती जोडपट्टी कापायची.

एका धंदेवाईक माणसानं वर्षानुवर्षं हात बसवून ठेवलेली ही रीत आहे. पत्रातही म्हटलंय की हिंदुस्थानात ही गोष्ट नवलाची नाही आणि फार पूर्वीपासून चालत आली आहे.

वीस वर्षांनी, २३ ऑक्टोबर १८१४ रोजी, जोसेफ कार्प्यू नावाच्या इंग्रज शल्यविशारदानं लंडनमध्ये चेल्सीच्या लष्करी रुग्णालयात एका अधिकाऱ्यावर हीच शस्त्रक्रिया केली. त्याआधी त्यानं मृतदेहांवर सराव केला होता. दुसरा रुग्ण आल्बुएराच्या लढाईत तलवारीचा वार झेललेला अधिकारी. १८१६ मध्ये कार्प्यूनं दोन्हींची हकिकत पुस्तकरूपानं छापली. १८१८ मध्ये बर्लिनच्या कार्ल फॉन ग्रेफेचा ग्रंथ आला आणि 'ऱ्हायनोप्लास्टी' हा शब्द रूढ झाला. तिथून पुढचा इतिहास सगळ्या पाठ्यपुस्तकांत आहे.

पत्रात इंग्रज डॉक्टरांची नावं आली, कावसजीचं आलं, कुंभाराचं नाही. (विटा पाडणारा म्हणजे आपल्याकडचा कुंभार, या अर्थानं मी तो शब्द वापरतेय.) त्याची आठवण ठेवावी, एवढ्यासाठी हा धागा. इतिहास, ग्रंथ, पुराणं, शरीरशास्त्र, ज्याला जे ठाऊक आहे ते इथे लिहा. नाकाभोवती हे सगळं गोळा होतं.

पिंपळपान

सुरेख धागा. कावसजी म्हणजे पारशी ना? एका व्याख्यानात "पारशी गाडीवान" असं ऐकल्याचं आठवतं.

नदीकाठ

पिंपळपान, नावामुळे तसा समज पसरला आहे. पण मूळ पत्रात त्याला स्पष्टपणे मराठा, शेतकरी जातीचा म्हटलंय. म्हणजे आपला कुणबी. माझा स्वतःचा अंदाज असा की तो कावजी असावा. शिवकाळापासून आपल्याकडे कावजी हे नाव आहे. मुंबईच्या इंग्रजाच्या कानाला कावसजी सवयीचं, त्यानं तसं लिहिलं असेल.

कोकणकडा

मी कान-नाक-घसा शल्यविशारद आहे. नदीकाठताई, तुमच्या पहिल्या पोस्टमधले दोन तपशील वाचून मी खरंच थांबलो.

पहिला तपशील म्हणजे २० ते २५ दिवस. आजही त्वचेच्या कर्करोगामुळे किंवा अपघातात नाकाचा मोठा भाग गेला तर आम्ही कपाळाचीच कातडी वापरतो, आणि जोडपट्टी साधारण तीन आठवड्यांनी कापतो. कारण असं, की कपाळाच्या त्या पट्टीला भुवईच्या आतल्या टोकाजवळून वर येणारी एक बारीक धमनी रक्त देत असते. सुप्राट्रॉक्लियर धमनी म्हणतात तिला. कातडी नव्या जागी बसवली की तिथल्या ओल्या कडेतून केसासारख्या नव्या रक्तवाहिन्या तिच्यात शिरू लागतात. त्या पुरेशा झाल्या, म्हणजे कपाळाकडून येणारं रक्त तोडलं तरी कातडी जगते. घाई केली तर नाक काळं पडून गळतं. रक्ताभिसरणाचं पुस्तक न वाचता त्या कुंभारानं हा काळ ओळखला होता, आणि तो आजच्या काळाशी जुळतो.

दुसरा म्हणजे मेणाची पट्टी. आम्ही टाक्यांच्या दोऱ्याचं जे पाकीट येतं त्याच्या चांदीसारख्या कागदाचा साचा कापतो, नाकावर बसवून बघतो, मग कपाळावर ठेवून रेघ मारतो. पद्धत तीच.

फरकही सांगतो. नाकाला तीन थर लागतात: आतलं अस्तर, मधला कूर्चेचा (मऊ हाडाचा) सांगाडा आणि बाहेरची कातडी. कुंभाराच्या नाकात कातडीच होती, त्यामुळे असं नाक पुढे थोडं आकसत असणार. आज आम्ही कानाची किंवा बरगडीची कूर्चा घेऊन आत आधार देतो.

आणि हे सगळं भूल न देता! ईथरची भूल १८४६ मध्ये आली. कावसजीनं ते शुद्धीत सोसलं, कार्प्यूच्या अधिकाऱ्यानंही. ज्या माणसाचा हात आणि नाक सुरीनं गेलं, तो पुन्हा आपणहून सुरीखाली झोपला. माझ्या रुग्णांना मी हे सांगतो.

भूपाळी

डॉक्टर, एक शंका. कपाळाची कातडी नाकावर आणली तर रुग्णाला तिथे स्पर्श कुठे झाल्यासारखा वाटतो?

कोकणकडा

भूपाळी, सुरुवातीला कपाळावर. नाकावर माशी बसली तर हात कपाळाकडे जातो, कारण मज्जातंतू अजून जुन्या वाटेनंच निरोप नेत असतात. जोडपट्टी कापल्यावर काही काळ बधिरपणा असतो आणि मग आजूबाजूचे तंतू हळूहळू आत वाढतात. कपाळ अरुंद असलं तर पट्टीच्या टोकाला केसांची मुळंही येतात, मग नाकाच्या शेंड्यावर केस उगवतात. ते काढावे लागतात.

ज्येष्ठमध

चर्चा योग्य वळणावर आहे, म्हणून एक महत्त्वाची गोष्ट मांडते. सुश्रुताच्या नावावर सगळीकडे कपाळाची शस्त्रक्रिया सांगितली जाते. सुश्रुतसंहितेत कपाळ नाही, गाल आहे.

सूत्रस्थानाचा, म्हणजे संहितेच्या पहिल्या भागाचा, सोळावा अध्याय पाहा. त्यात ओळ आहे: "तेन प्रमाणेन हि गण्डपार्श्वात्". झाडाचं पान नाकाच्या मापाचं घ्यायचं, त्या मापानं गालाच्या बाजूची त्वचा सोडवायची, नाकाची कड खरवडायची आणि चटकन सांधायची. वैद्यानं 'अप्रमत्त' असावं, म्हणजे गाफील राहू नये, असं त्यात मुद्दाम सांगितलंय. मग दोन नळ्या घालून नाक उचलून धरायचं आणि वर पतंग (हे एक औषधी लाकूड), ज्येष्ठमध आणि अंजन यांचं चूर्ण भुरभुरायचं. पांढऱ्या कापसानं झाकून तिळाचं तेल शिंपडत राहायचं.

म्हणजे पान आणि मेण, नळ्या आणि कापडाच्या गुंडाळ्या, चूर्ण आणि कात असं साम्य आहे. पण कातडी कुठली घ्यायची, हा शस्त्रक्रियेचा गाभाच वेगळा. गालावरून कपाळावर कुणीतरी गेलं, आणि ते जाणं मला फार मोठं वाटतं. कपाळाची कातडी रंगानं, जाडीनं नाकाशी जास्त मिळतीजुळती, आणि गालावर व्रण राहत नाही. हा बदल अनुभवातूनच आला असणार.

आणखी एक. तो अध्याय मुळात नाकाचा नाहीच, कानाचा आहे. लहान मुलाचे कान सहाव्या किंवा सातव्या महिन्यात टोचावेत, सूर्याच्या उजेडात आरपार दिसणाऱ्या छिद्रातून टोचावेत, चुकीच्या शिरेला लागलं तर काय होतं, हे सगळं आधी येतं. कर्णवेध हा आपल्याकडे संस्कार. जड दागिन्यांनी कानाची पाळी तुटायची, ती सांधण्याचे पंधरा प्रकार तिथे दिलेत. नाक त्यानंतर येतं. रोजच्या कान टोचण्यातून, तुटलेल्या पाळ्या जोडण्यातून हात तयार झाला आणि तोच हात नाकाकडे वळला, असं मला तो अध्याय वाचताना वाटतं.

सातमाळा

ज्येष्ठमध यांचा प्रतिसाद आवडला, पण निष्कर्ष पटत नाही. मूळ विद्या ग्रंथात होती, कुंभारानं ती ऐकीव स्वरूपात पुढे चालवली. गाल की कपाळ हा तपशील झाला. श्रेय सुश्रुताचंच.

ज्येष्ठमध

सातमाळा, सुश्रुताचं श्रेय कमी करायचा माझा हेतू नाही. शस्त्रक्रिया शिकवताना भोपळ्यावर, काकडीवर, कलिंगडावर चिरा घ्यायला लावणारा, मृतदेह वाहत्या पाण्यात पिंजऱ्यात सात रात्री ठेवून मग वाळ्याच्या कुंच्यानं थर थर खरवडून आतले अवयव पाहायला सांगणारा तो ग्रंथ आहे. वेदना न सोसणाऱ्याला शस्त्रकर्मापूर्वी तीक्ष्ण मद्य पाजावं, हेही त्यात आहे. हाताला इतकं महत्त्व देणाऱ्या शास्त्राचा वारस शोधायचा, तर अठराव्या शतकात तो कुठे सापडतो हे बघा. पोथी पंडिताकडे होती, सुरी कुंभाराकडे.

नदीकाठ

ज्येष्ठमध यांनी बोट ठेवलंय तिथेच माझंही मन अडकलं आहे. हे असं का झालं?

धर्मग्रंथांतच त्याच्या खुणा आहेत. अश्विनीकुमार देवांचे वैद्य. तैत्तिरीय संहितेत देव म्हणतात, हे दोघे माणसांत वावरणारे वैद्य, म्हणून अपवित्र, आणि पुढे ब्राह्मणानं औषधोपचार करू नये असं वचन येतं. महाभारतात च्यवन ऋषी इंद्राशी भांडून अश्विनांना सोमरसाचा वाटा मिळवून देतात, तोवर त्यांना यज्ञात स्थान नाही. मनुस्मृतीत चिकित्सकाचं अन्न पुवासारखं म्हटलंय. रक्त, पू, प्रेत यांना हात लावणारा माणूस खालचा, असं ठरलं की पुस्तक एकाकडे राहतं आणि हत्यार दुसऱ्याकडे जातं. आपल्या गावांतही तेच होतं. तुंबडी लावायची आणि गळू फोडायचं तर न्हावी, हाड बसवायचं तर हाडवैद्य, बाळंतपण सुईणीकडे. यांतल्या कुणी पोथी लिहिली नाही. त्यांच्याकडची विद्या मुलाच्या किंवा सुनेच्या हातात उतरली तर टिकली, नाहीतर संपली.

आणि तोच सुश्रुत सुरुवातीलाच सांगतो की शल्यतंत्र हे आयुर्वेदाच्या अंगांत पहिलं, कारण यज्ञाचं तुटलेलं शिर अश्विनांनी जोडलं. अशा शास्त्राला आपण सोवळ्याबाहेर ठेवलं, याचं मला फार वाईट वाटतं.

सातमाळा

तैत्तिरीय संहितेचा संदर्भ महत्त्वाचा आहे. तरी एक म्हणतो: मातीला आकार देणाऱ्या कुंभाराकडेच ही कला जाण्यात अर्थ आहे. मेण चेहऱ्यावर दाबून नाक 'दिसेल' असं घडवायचं, मग तो आकार सपाट करून कातडीवर मोजायचा, आणि वळवल्यावर तो पुन्हा उभा राहील हे आधीच डोळ्यांपुढे आणायचं. पंडिताला हे जमलं नसतं. त्या अर्थानं मी कुंभाराच्या बाजूनं आहे.

भूपाळी

साहित्याकडे येते. नाक कापण्याचा आपल्या मनातला पहिला प्रसंग शूर्पणखेचा. वाल्मीकि रामायणाच्या अरण्यकांडात लक्ष्मण तिचं नाक आणि कान कापतो, आणि तिथून कथा लंकेकडे वळते. पंचवटीत आजही तो प्रसंग सांगतात आणि नाशिकचं नाव त्यावरूनच पडलं अशी लोकांची श्रद्धा आहे.

पण मला वेगळं म्हणायचं आहे. ही शस्त्रक्रिया एवढी रुळलेली का होती, याचा विचार केला का कुणी? लढाईत नाक गमावणारे थोडे. एवढ्या नाकांची गरज पडत होती, कारण नाक कापणं ही शिक्षा होती, आणि ती बऱ्याचदा घरात दिली जायची. नवऱ्याला बायकोचा संशय आला की नाक. जीव घ्यायचा नाही, पण लोकांत तोंड दाखवायची सोय ठेवायची नाही. जुनागडचे डॉक्टर त्रिभुवनदास शहा यांनी १८८९ मध्ये अशा शंभर शस्त्रक्रियांचं पुस्तक छापलं. शंभर! एका संस्थानातल्या एका डॉक्टरच्या हातून. तिकडे दरोडेखोरही दहशतीसाठी नाकं कापायचे.

म्हणून मला त्या कुंभाराकडे आलेल्या बायका दिसतात. इंग्रजी मासिकात कावसजी आला, कारण तो फौजेतला होता आणि साहेबांच्या ओळखीचा होता. त्या बायकांची चित्रं कुणी काढली नाहीत.

नदीकाठ

भूपाळी, हा या धाग्यातला सगळ्यात मोलाचा प्रतिसाद. हे मी पहिल्या पोस्टमध्येच लिहायला हवं होतं असं वाटण्याइतकं मोलाचं.

रानमेवा

शिक्षा म्हणून नाक कापणं जगभर होतं. कॉन्स्टँटिनोपलचा सम्राट दुसरा जस्टिनियन, इ. स. ६९५ मध्ये त्याला गादीवरून ओढून नाक कापून हद्दपार केलं. तिथला समज असा की अंगानं अपुरा माणूस सम्राट होऊ शकत नाही. म्हणून मारण्याऐवजी नाक कापलं की काम झालं. पण हा गडी दहा वर्षांनी, ७०५ मध्ये, बल्गारांची फौज घेऊन परत आला आणि पुन्हा गादीवर बसला. त्यानंतर नाक कापून सम्राटपदापासून दूर ठेवण्याची रीत निरर्थकच ठरली.

नेपाळात कीर्तिपूर जिंकल्यावर पृथ्वीनारायण शहाच्या सैन्यानं तिथल्या लोकांची नाकं आणि ओठ कापले, ही अठराव्या शतकातलीच गोष्ट, आपल्या कावसजीच्या पंचवीसेक वर्षं आधीची.

आणि ज्यांना कातडीचं नाक मिळालं नाही, ते धातूचं लावायचे. खगोलशास्त्रज्ञ टायको ब्राहे याचं नाक १५६६ मध्ये द्वंद्वयुद्धात गेलं. तो सोन्या-चांदीचं नाक लावतो अशी ख्याती होती. २०१० मध्ये त्याचं थडगं उघडून हाडांची तपासणी केली तेव्हा नाकाजवळ तांबं आणि जस्त सापडलं, म्हणजे पितळ.

पिंपळपान

पण मग युरोपात १७९४ आधी काहीच नव्हतं का?

कोकणकडा

होतं की. पंधराव्या शतकात सिसिलीतलं ब्रांका घराणं हे करायचं, बापाकडून मुलाकडे गेलेली विद्या. १५९७ मध्ये बोलोन्याच्या गास्पारे ताल्याकोत्सीनं त्यावर सचित्र ग्रंथ छापला. त्याची रीत दंडाच्या कातडीची. दंडाची कातडी अर्धी सोडवून नाकाला शिवायची आणि हात डोक्यावर बांधून ठेवायचा, दोन-तीन आठवडे! रुग्णाचे काय हाल होत असतील बघा. तो गेल्यावर ती रीत मागे पडली. पुण्याच्या रीतीत हात मोकळा, मान मोकळी, आणि कातडी शेजारचीच. कार्प्यूला तिचं मोल लगेच कळलं, कारण दुसरी पद्धत किती जाचक आहे हे त्याला ठाऊक होतं.

पुढे पहिल्या महायुद्धात खंदकातल्या सैनिकांचे चेहरे गोळ्यांनी उडाले, तेव्हा हॅरल्ड गिलीज यांनी इंग्लंडात सिडकपच्या रुग्णालयात हेच तत्त्व फार पुढे नेलं: कातडी सोडवायची, पण रक्ताची वाट जोडलेली ठेवायची. ते कातडीच्या पट्टीची नळी करायचे, म्हणजे ती उघडी पडून पिकत नसे.

रानमेवा

दुसऱ्या माणसाची कातडी का नाही वापरली? गुलामांच्या काळात तर सहज शक्य होतं.

कोकणकडा

टिकली नसती. सुरुवातीला धरल्यासारखी वाटते आणि मग शरीर ती परकी म्हणून नाकारतं. हे असं का, याचा उलगडा पीटर मेडावर यांनी दुसऱ्या महायुद्धात भाजलेल्या रुग्णांवरचं काम पाहताना केला. दुसऱ्यांदा त्याच माणसाची कातडी लावली तर ती आणखी लवकर गळते, म्हणजे शरीर लक्षात ठेवतं. त्यांना १९६० मध्ये नोबेल मिळालं, फ्रँक बर्नेट यांच्यासोबत. आज मूत्रपिंडरोपणानंतर जी औषधं जन्मभर घ्यावी लागतात ती याच नकाराला आवर घालायला. कुंभारानं रुग्णाचीच कातडी घेतली, म्हणून हा प्रश्नच त्याच्यापुढे आला नाही.

तुळशीवृंदावन

पुराणांतलं थोडं माझ्याकडून. ज्या अश्विनीकुमारांचा उल्लेख झाला, त्यांचा जन्मच पुराणांत नाकातून सांगितला आहे. सूर्याची पत्नी संज्ञा घोडीचं रूप घेऊन तप करत होती, सूर्य घोडा होऊन गेला, आणि तिच्या नाकपुड्यांतून हे जुळे जन्मले. भागवतात वराह अवतार ब्रह्मदेवाच्या नाकपुडीतून बाहेर येतो, आधी अंगठ्याएवढा आणि बघता बघता हत्तीएवढा. बायबलच्या उत्पत्तीच्या पुस्तकातही देव मातीच्या माणसाच्या नाकपुड्यांत प्राण फुंकतो. प्राण नाकातून येतो-जातो, म्हणून ही कल्पना सगळीकडे उगवली असावी.

संध्येत प्राणायाम करताना आजोबा एक नाकपुडी दाबून दुसरीतून श्वास घ्यायचे आणि म्हणायचे, "आत्ता डावी चालू आहे." मला लहानपणी तो गूढ प्रकार वाटायचा. इडा-पिंगला आलटून पालटून चालतात असं योगाचे ग्रंथ सांगतात. डॉक्टर, यात शरीरशास्त्राला काही सापडतं का?

कोकणकडा

आजोबांचं निरीक्षण बरोबर होतं. नाकाच्या आत दोन्ही बाजूंना रक्तानं फुगणारी मऊ ऊती असते. काही तास एका बाजूची फुगते आणि वाट अरुंद होते, मग ती ओसरते आणि दुसरी फुगते. बऱ्याच लोकांत हे चक्र चालतं. रिचर्ड कायझर या जर्मन डॉक्टरनं १८९५ मध्ये ते वैद्यकीय भाषेत नोंदवलं. एका बाजूच्या अस्तराला विसावा मिळतो, ओल परत येते. कुशीवर झोपलं तर खालची बाजू जास्त बंद वाटते, तेही याच ऊतीमुळे. डावी चालली तर अमुक फळ, उजवी चालली तर तमुक, हे मात्र शरीरशास्त्रात नाही.

वासाचं सांगायचं तर नाकाच्या छताशी टपाल तिकिटाएवढ्या जागेत वास ओळखणाऱ्या पेशी असतात. माणसात वास ओळखणारी सुमारे ४०० प्रकारची ग्राहकं (रिसेप्टर) चालू स्थितीत आहेत. लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ मध्ये ही जनुकं शोधली आणि २००४ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. या मज्जापेशी झिजतात आणि पुन्हा नव्या येतात, मज्जासंस्थेत हे दुर्मीळ आहे. कावसजीचं बाहेरचं नाक गेलं तरी हे छत शाबूत होतं, म्हणजे त्याला वास येत असणार, पण हवा वर नीट वळत नसल्यानं कमी. नवं नाक झाल्यावर हवेला पुन्हा वळण मिळालं असेल.

भूपाळी

डॉक्टर इथे आहेत तर घरातलं एक विचारते. उन्हाळ्यात मुलाचा घोळणा फुटतो. सासूबाई डोकं मागे करून कांदा हुंगायला देतात.

कोकणकडा

भूपाळी, डोकं मागे मुळीच नको. रक्त घशात उतरतं, पोटात जातं आणि उलटी होते, शिवाय किती गेलं ते कळत नाही. मुलाला बसवा, मान थोडी पुढे झुकवा, नाकाचा मऊ भाग (हाडाचा नाही) दोन बोटांत घट्ट धरून दहा ते पंधरा मिनिटं न सोडता दाबून ठेवा, तोवर तोंडानं श्वास घेऊ द्या. मुलांमध्ये रक्त बहुधा नाकाच्या मधल्या पडद्याच्या पुढच्या भागातून येतं, तिथे चार-पाच धमन्यांच्या फांद्यांचं जाळं वरच्या वरच असतं. हवा कोरडी झाली आणि बोट घातलं की फुटतं. दाबूनही थांबलं नाही, किंवा वारंवार होऊ लागलं, तर डॉक्टरांना दाखवा. सासूबाईंना सांगा, कांदा कोशिंबिरीत राहू द्या.

सातमाळा

शेवटचा एक प्रश्न नदीकाठ यांना. मासिकात चित्रही होतं म्हणालात का? ते कुणी काढलं?

नदीकाठ

मी लिहिलं नव्हतं, बरं झालं विचारलंत. कावसजीचं चित्र जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकारानं जानेवारी १७९४ मध्ये काढलं, शस्त्रक्रियेनंतर साधारण दहा महिन्यांनी. म्हणजे नाक घातलं गेलं ते १७९३ च्या मार्चच्या सुमाराला. हा तोच वेल्स, ज्यानं सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांची चित्रं केली आणि वेरूळच्या लेण्यांची रेखाटनं केली. पेशव्यांच्या दरबारातल्या इंग्रज वकिलाच्या, म्हणजे रेसिडेंट मॅलेटच्या वर्तुळातला. पुण्याचा गंगाराम तांबट त्याच्यासोबत काम करायचा, त्यानं स्वतः काढलेली चित्रंही आज टिकून आहेत.

चित्रावरून तांब्याचा पत्रा कोरून त्याचे ठसे लंडनमध्ये छापले गेले. त्यात कावसजीच्या कपाळावरचा व्रण दिसतो, आणि शेजारी कातडीच्या पट्टीचा व मेणपट्टीचा आकार रेखाटून दाखवलाय. लंडनच्या वेलकम संग्रहात त्याची प्रत आहे आणि ती आंतरजालावर कुणालाही पाहता येते. पाहिलंत तर आधी कपाळ बघा, मग नाक. सातमाळा म्हणाले तो सपाट आकार तिथे बाजूलाच काढलेला आहे, आणि तो दिसायला पिंपळाच्या पानासारखा आहे, देठासकट.

ज्येष्ठमध, तुमच्या सोळाव्या अध्यायाचं मराठी भाषांतर इथे टप्प्याटप्प्यानं टाकाल का? कानाच्या पाळ्या जोडण्याचे पंधराही प्रकार हवेत.

ज्येष्ठमध

टाकते. वेगळा धागा काढते, म्हणजे कानाची चर्चा या नाकाच्या धाग्यात हरवणार नाही.